ओहोटीचं ताट

जॉर्ज व्हँकूव्हरच्या प्रवासवर्णनात १५ जून १७९३ या दिवसाखाली एका न्याहारीची हकिगत आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा नकाशा काढायला निघालेल्या त्याच्या मोहिमेतल्या दोन होड्या आजच्या ब्रिटिश कोलंबियातल्या एका आडबाजूच्या खाडीत थांबल्या होत्या. खलाशांनी खडकांवरचे शिनाणे काढले, भाजले आणि खाल्ले. होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या आणि थोड्याच वेळात काहींचे ओठ, चेहरा, बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. मग चक्कर आणि मळमळ सुरू झाली.

होडीत बॅरी नावाचा एक तरुण अधिकारी होता. त्याला इंग्लंडमध्ये पूर्वी असाच त्रास झाला होता आणि अंगाला घाम सुटल्यावर बरं वाटलं होतं, एवढं त्याच्या लक्षात होतं. त्याने स्वतः वल्हं हातात घेतलं आणि आजारी पडलेल्यांनाही जीव तोडून वल्हवायला सांगितलं. बॅरीला उतार पडला. पण होडी काठाला लागली आणि वल्ही थांबली तेव्हा तीन खलाशांना उभंही राहता येईना, त्यांना उचलून उतरवावं लागलं. उलटी व्हावी म्हणून गरम पाणी पाजलं. दोघं वाचले. जॉन कार्टर दुपारी दीडच्या सुमाराला गेला. त्याला पुरलं त्या जागेला व्हँकूव्हरने कार्टरचं नाव दिलं, आणि जिथे ते शिनाणे खाल्ले त्या खाडीला ‘पॉयझन कोव्ह’, म्हणजे विषाची खाडी. दोन्ही नावं आजही नकाशावर आहेत.

कार्टरला मारणाऱ्या विषाला चव नाही, वास नाही, आणि शिजवून ते जात नाही. अलेक्झांड्रियम नावाचं एकपेशीय सूक्ष्म शैवाल ते तयार करतं. शिंपले दिवसभर पाणी गाळत असतात. पाण्यात हे शैवाल वाढलं की त्यातलं विष त्यांच्या मांसात साठत जातं आणि त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही. माणसाच्या शरीरात मात्र हे विष मज्जापेशींवरची सोडियमची दारं बंद करतं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायू थांबतात. यावर उतारा आजही नाही. विष उतरेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवणं, एवढाच उपाय.

कार्टरच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी त्याच किनाऱ्यावर, आणखी उत्तरेला, याहून कितीतरी मोठा आघात झाला. अलास्कात रशियनांनी समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांचा व्यापार मांडला होता आणि त्यासाठी अल्यूशियन आणि कोडियाक बेटांवरच्या स्थानिक शिकाऱ्यांना सक्तीने राबवलं जात होतं. १७९९ साली या व्यापाराचा कारभारी अलेक्झांडर बारानोव्ह याने सिट्काला ठाणं वसवलं. तिथून परतणाऱ्या शिकाऱ्यांच्या एका तांड्याने वाटेत मुक्काम केला आणि लहान काळे शिनाणे खाल्ले. बारानोव्हचं चरित्र लिहिणाऱ्या ख्लेब्निकोव्हने ही हकिगत नोंदवली आहे. दोनेक तासांत शंभराच्या वर माणसं मेली. आपल्या घरापासून शेकडो मैल दूर, दुसऱ्याच्या कातड्यांसाठी वल्हवत आलेली ही माणसं. कार्टरसारखं त्यांच्यातल्या एकाचंही नाव नकाशावर आलं नाही. नाव मिळालं ते फक्त पाण्याला. रशियनांनी त्या सामुद्रधुनीला ‘पोगिब्शी’, म्हणजे मेलेल्यांची, म्हटलं आणि इंग्रजीत ती ‘पेरिल स्ट्रेट’ झाली. सिट्काच्या उत्तरेला हे पाणी आहे. सिट्का हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

या किनाऱ्याचे मूळ रहिवासी मग जगत कसे होते? सिट्काच्या त्लिंगित लोकांत एक म्हण सर्रास ऐकू येते: ओहोटी लागली की ताट मांडलेलं असतं. हजारो वर्षं त्यांनी या ताटातून खाल्लं आहे. त्यांच्या जुन्या वस्त्यांच्या जागी शिंपल्यांच्या कवचांचे थरच्या थर सापडतात. एवढा काळ हे खाणं टिकलं, म्हणजे काय केव्हा खायचं याचं शहाणपणही त्याच्यासोबत टिकलं असणार. त्यातलं थोडंच लिहून ठेवलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे संशोधक कार्ल मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या जमातींची एक रीत नोंदवली. उन्हाळ्यात समुद्रावर पहारेकरी बसवले जात. रात्री लाटा उजळताना दिसल्या की शिंपले खाण्यावर बंदी येई. समुद्र उजळवणाऱ्या सूक्ष्म जिवांत काही विषारी असतात, हे विज्ञानाला फार उशिरा कळलं. ही खूण बिनचूक नाही. विष असूनही पाणी काळंभोर राहू शकतं, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर निळ्या उजळणाऱ्या लाटांमागे असणारा नॉक्टिल्युका हे विष बनवतच नाही. मला या नोंदीत महत्त्वाची वाटते ती खूण नव्हे, पहारा. पाण्यावर नेमून दिलेल्या माणसाने डोळा ठेवायचा आणि त्याने सांगितलेलं गावाने ऐकायचं, ही व्यवस्था त्यांच्याकडे होती.

मायर यांनी ही चौकशी केली त्यामागे कारण होतं. १९२७च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास शिनाणे खाऊन १०२ माणसं आजारी पडली आणि सहा मेली. मायर आणि हर्मन सॉमर यांनी पुढची दहा वर्षं शिंपले आणि समुद्राचं पाणी तपासत काढली आणि विषाचा माग थेट शैवालापर्यंत नेला. विष मोजायची त्यांची रीत कठोर होती. शिंपल्याचा अर्क उंदराला टोचायचा आणि तो किती मिनिटांत मरतो ते घड्याळ लावून पाहायचं. त्यातूनच मर्यादा ठरत गेली: १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त विष नको. ती आजही लागू आहे आणि उंदराची चाचणी तर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पुरली.

विषाला नाव मिळालं तेही याच किनाऱ्यावरून. बटर क्लॅम हा आपल्या तिसऱ्यांपेक्षा बराच मोठा आणि जाड कवचाचा शिंपला. त्याचं शास्त्रीय नाव सॅक्सिडोमस, म्हणून विष सॅक्सिटॉक्सिन. एडवर्ड शांट्झ यांनी १९५७ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि त्यासाठी लागणारे ढीगभर बटर क्लॅम अलास्कातून आले होते. शांट्झ अमेरिकी लष्करासाठी फोर्ट डेट्रिकच्या जैविक अस्त्रांच्या केंद्रात काम करत होते, तेव्हा या संशोधनामागचा हेतू वेगळा सांगायला नको. १९६० साली सोव्हिएत हद्दीत पाडलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याजवळ एका नाण्यात दडवलेली विषारी सुई होती. तिच्यात हेच विष होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी असले साठे नष्ट करायचा हुकूम दिला होता, तरी सीआयएने सुमारे ११ ग्रॅम विष ठेवून दिल्याचं १९७५च्या सिनेट चौकशीत उघड झालं. अलास्काच्या शिंपल्यांतलं विष ग्रॅमवारी मोजून तिजोरीत जपलं जात होतं. तेच शिंपले खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावांसाठी मात्र तपासणीची सोय नव्हती.

ही सोय का नव्हती, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. सरकारी तपासणी उभी राहिली ती बाजारासाठी. डबाबंद होणारा, पेटीत भरून दुसऱ्या राज्यात जाणारा माल सुरक्षित असावा, एवढं तिचं काम. अलास्काचा बटर क्लॅमचा धंदा १९४०च्या दशकात या विषापायीच बसला आणि धंदाच नाही म्हटल्यावर तिथले शिंपले तपासायचं कारणही उरलं नाही. पुढे विक्रीच्या मालाची तपासणी नियमाने होत राहिली. पण स्वतःसाठी शिंपले काढणाऱ्यांना राज्याचा सल्ला एवढाच होता की खाऊ नका. पश्चिम किनाऱ्यावर घरच्या खाण्याचे शिंपले न तपासणारं राज्य म्हणून अलास्काचं नाव होत गेलं. ज्यांच्या घरी आठवड्यातून दोन-तीनदा शिंपले शिजतात, त्यांच्या ताटाकडे पाहणारं कुणी नव्हतं.

दक्षिणेला वॉशिंग्टन राज्यात थोडी बरी परिस्थिती होती. १९४२ साली हुआन दे फुका सामुद्रधुनीच्या काठी तीन माणसं दगावली, आणि त्यानंतर डंजनेस स्पिटपासून पश्चिमेला आणि खाली कोलंबिया नदीपर्यंत दर वर्षी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर शिंपले काढायला बंदी झाली. त्या बंदीतून एक शिंपला मात्र वगळला होता, तो म्हणजे रेझर क्लॅम.

वस्तऱ्याच्या मुठीसारखा लांबट, सोनेरी-तपकिरी कवचाचा हा शिंपला मोकळ्या समुद्राच्या वाळूत राहतो. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर पाय आपटला की जवळपास बोटभर खळगा उमटतो. तीच त्याची खूण. मग घाई करावी लागते, कारण रेझर क्लॅम वाळूत सरळ खाली पळतो, आणि फावडं तिरकं पडलं तर हातात फुटलेलं कवच येतं. शरद आणि हिवाळ्यात तिथली मोठी ओहोटी संध्याकाळनंतर लागते. पाऊस आणि वाऱ्यात, हातात कंदील घेऊन, कोपरापर्यंत हात वाळूत घालून माणसं शिंपले काढत असतात. क्विनॉल्ट लोकांच्या भाषेत ‘शिंपल्यांची भूक लागणं’ यासाठी वेगळा शब्दप्रयोग आहे. साध्या भुकेहून ती भूक निराळी.

क्विनॉल्ट, क्विल्यूट, होह आणि माका या ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरच्या जमाती. १८५५ आणि १८५६मध्ये त्यांनी अमेरिकी सरकारशी तह केले. अफाट जमीन सोडून दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. तहातली ही ओळ पुढे शंभर वर्षं सरकारने जवळपास पाळलीच नाही. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी माशांत जमातींचा निम्मा वाटा मान्य केला, आणि डिसेंबर १९९४मध्ये न्यायाधीश एडवर्ड राफिडी यांनी तोच न्याय शिंपल्यांना लावला. शिंपले जमातींचं अन्न होतेच, आता कायद्यानेही त्यांचं उत्पन्न झाले. पण हा निकाल येईपर्यंत त्या वाळूत एक नवं विष शिरलं होतं.

त्याची सुरुवात खंडाच्या दुसऱ्या टोकाला झाली. १९८७च्या अखेरीस कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिनाणे खाऊन शंभरावर लोक आजारी पडले. वांत्या झाल्या, पण त्यानंतर जे घडलं ते शिंपल्यांच्या विषबाधेत कुणी पाहिलं नव्हतं. काहींची स्मृतीच गेली. जुनं आठवत होतं, पण नवं काही मनात ठरत नव्हतं. तीन वृद्ध रुग्ण दगावले. कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच विष ओळखलं: डोमोइक आम्ल. जपानमध्ये १९५८ साली ते एका लाल समुद्री शैवालात सापडलं होतं आणि जंतांवरचं औषध म्हणून माहीत होतं. कॅनडात ते आलं होतं सुडो-निट्झशिया नावाच्या डायटममधून. डायटम म्हणजे काचेच्या पेटीत राहावं तसं सिलिकाच्या कवचात राहणारं सूक्ष्म शैवाल. तोवर साऱ्या डायटमना निरुपद्रवी मानलं जात होतं.

सप्टेंबर १९९१मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात पेलिकन आणि पाणकावळे पटापट मरू लागले. त्यांच्या पोटातल्या अँचोव्ही माशांत डोमोइक आम्ल सापडलं. आता पश्चिम किनाऱ्यावरही शोध सुरू झाला, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या रेझर क्लॅममध्ये हे विष हाती आलं. १९४२च्या बंदीतून वगळलेला शिंपलाच या विषाचा सगळ्यात मोठा साठवणकर्ता निघाला. शिनाण्यातून डोमोइक आम्ल काही दिवसांत निघून जातं. रेझर क्लॅममध्ये ते वर्षभरही राहू शकतं. म्हणजे समुद्र निवळला तरी किनारा बंदच. १९९१-९२ला हंगाम बुडाला. १९९८-९९ला पुन्हा बुडाला.

हंगाम बुडणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. क्विनॉल्टांच्या ताहोलासारख्या गावात शिंपल्यांच्या विक्रीतून अनेक घरांचा हिवाळा निभतो. त्याहून मोठं नुकसान जेवणाचं. लग्न, तेरवीसारखे विधी, पाहुणे, म्हाताऱ्यांना पोचवायचा वाटा या सगळ्यात रेझर क्लॅम आहे. आणि बंदी जाहीर व्हायची ती शिंपल्यात विष सापडल्यावर. नमुने दूरच्या प्रयोगशाळेत जायचे, उत्तर यायला वेळ लागायचा. पाण्यात शैवाल केव्हा वाढलं, कुठून आलं, केव्हा जाईल, याचा कुणालाच पत्ता नव्हता. कधी किनारा उगाच बंद राहायचा, कधी बंद व्हायला हवा तेव्हा उघडा असायचा.

१९९९मध्ये या गोंधळावर उत्तर म्हणून एक भागीदारी आकाराला आली. ऑलिंपिक प्रदेशाचा हानिकारक शैवालविषयक गट, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘ओरहॅब’. त्यात केंद्रीय समुद्र-वातावरण संस्था नोआ होती, वॉशिंग्टन विद्यापीठ होतं, राज्याचं आरोग्य खातं आणि मत्स्य खातं होतं. आणि माका, क्विल्यूट, क्विनॉल्ट या जमाती होत्या. नोआच्या व्हेरा ट्रेनर या त्यातल्या अग्रणी शास्त्रज्ञ. यात एक गोष्ट वेगळी होती आणि तीच मला सगळ्यात मोलाची वाटते. जमातींचे लोक नुसते नमुने बाटलीत भरून पाठवणारे राहिले नाहीत. सूक्ष्मदर्शक त्यांच्या मत्स्य विभागांत आले आणि पेशी मोजायला ते स्वतः शिकले.

काम ऐकायला सोपं आहे. दर आठवड्याला लाटांत उतरायचं, पाणी भरून घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. सुडो-निट्झशियाच्या पेशी सुईसारख्या असतात. एकीचं टोक दुसरीच्या टोकावर किंचित चढलेलं, अशा लांब साखळ्या करून त्या तरंगतात. त्यांच्यात जाड्या जाती असतात आणि बारीक जाती असतात. जाड्या जातीच्या पेशी एका लिटरमध्ये ५०,०००च्या वर गेल्या, किंवा बारीक जातीच्या १० लाखांच्या वर, की इशारा. मग त्याच पाण्यातल्या शैवालात विष आहे का ते पाहायचं, आणि ते असेल तर शिंपले तपासायला घ्यायचे. विष शिंपल्यात साठायच्या आधी पाण्यात दिसायला लागलं. केवढा फरक पडला! काही दिवसांची सूचना मिळाली तरी खात्याला एखादा किनारा बंद ठेवून दुसरा उघडा ठेवता येतो, आणि गावाला वेळेवर शिंपले काढून घेता येतात.

मग प्रश्न आला, हे शैवाल येतं कुठून. २००३पासून चाललेल्या संशोधनात दिसलं की हुआन दे फुका सामुद्रधुनीच्या तोंडाशी समुद्रात एक मोठा भोवरा फिरत असतो. खोलातलं खताळ पाणी वर येतं, त्यात सुडो-निट्झशिया वाढत राहतं. उत्तरेचा वारा असेपर्यंत ते तिथेच किंवा दक्षिणेकडे वाहत राहतं. वादळ आलं, वारा फिरला, की ते पाणी किनाऱ्याला लागतं आणि दोन-चार दिवसांत रेझर क्लॅम विषारी होऊ लागतात. वाळूवर उभं राहून शिंपले काढणाऱ्याला हा भोवरा दिसत नाही, पण त्याच्या हंगामाचं भवितव्य तिथे ठरत असतं.

केंद्राची पैशाची मदत काही वर्षांपुरतीच होती. ती संपली तेव्हा भागीदारी मोडली नाही, कारण राज्याने शिंपले काढायच्या परवान्यावर थोडा अधिभार लावून तिचा खर्च भागवला. असली कामं पैसा आटला की गुपचूप बंद पडतात. ही पडली नाही, याचं श्रेय शिंपले काढणाऱ्यांनाही द्यायला हवं.

तरी एक प्रश्न कायद्याच्या मर्यादेला पुरून उरला. डोमोइक आम्लाची मर्यादा आहे एका ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम. ती ठरवताना डोळ्यांसमोर होता कधीतरी शिंपले खाणारा गिऱ्हाईक. मर्यादेच्या आतलं पण वर्षानुवर्षं, नियमाने पोटात जाणारं विष काय करतं? २००५पासून मेरीलँड विद्यापीठाच्या लिन ग्रॅटन यांच्या गटाने माका, क्विल्यूट आणि क्विनॉल्ट लोकांबरोबर हाच अभ्यास हाती घेतला. लोकांनी आपण काय आणि किती खातो ते सांगितलं, स्मरणशक्तीच्या चाचण्या दिल्या, आणि वर्षांमागून वर्षं देत राहिले. महिन्याला १५ किंवा अधिक रेझर क्लॅम खाणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत थोडी पण मोजता येईल अशी घट दिसली. पुढे वॉशिंग्टनच्या आरोग्य खात्याने महिन्याला १५हून जास्त रेझर क्लॅम खाऊ नयेत, असा सल्ला द्यायला सुरुवात केली. बाजारासाठी आखलेल्या मर्यादेत हे लोक बसतच नव्हते, हे त्यांच्याच ताटावरून सिद्ध झालं.

२०१४-१५ला उत्तर प्रशांत महासागरात गरम पाण्याचा प्रचंड पट्टा पसरला. त्याला शास्त्रज्ञांनी ‘ब्लॉब’ म्हटलं. त्यात २०१५च्या वसंतात सुडो-निट्झशियाचा असा बहर आला की मध्य कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत पाणी विषारी झालं. पश्चिम किनाऱ्यावर नोंदलेला हा सगळ्यात मोठा बहर. रेझर क्लॅमचा हंगाम मे महिन्यातच आवरावा लागला, डंजनेस खेकड्यांची मासेमारी महिनोनमहिने लांबली, आणि वॉशिंग्टनच्या वाळूवर झटके येणारी एक समुद्री सिंहीण सापडली. पाळत होती म्हणून माणसं सुरक्षित राहिली. पण पाळत समुद्र थंड करू शकत नाही, आणि त्या वर्षी किनाऱ्यावरच्या घरांत शिंपल्यांविना हिवाळा गेला.

आता पुन्हा सिट्का. अलास्कात विष तेच जुनं, सॅक्सिटॉक्सिन, आणि माणसं मरत होती. जून २०१०मध्ये आग्नेय अलास्कात काही दिवसांच्या अंतराने दोघं गेले. सिट्का ट्राइब ऑफ अलास्काने ठरवलं की राज्य तपासत नसेल तर आपण तपासू. २०१३पासून आग्नेय अलास्कातल्या जमातींची आघाडी बांधायला सुरुवात झाली, ‘सीटॉर’ नावाने. क्लावॉक, क्रेग, पीटर्सबर्ग, याकुटाट अशी दूरदूरची गावं त्यात आली. यातल्या कित्येक गावांना रस्ता नाही. जायचं ते होडीने किंवा लहान विमानाने. सिट्कात जमातीने स्वतःची प्रयोगशाळा उभी केली, आणि तिथे उंदीर नव्हते. किरणोत्सर्गी खूण लावलेल्या सॅक्सिटॉक्सिनशी नमुन्यातल्या विषाची स्पर्धा लावून मोजायची पद्धत त्यांनी घेतली. तिच्या प्रसारात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा हात आहे.

आठवड्याची रीत ठरली. गावातली नेमलेली माणसं ओहोटीला जाळं आणि पिशवी घेऊन उतरतात. बारीक जाळ्यातून गाळलेल्या पाण्यात अलेक्झांड्रियम दिसतंय का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हे शैवाल गोल, चिलखत घातल्यासारखं असतं, आणि आगगाडीच्या लहानशा डब्यांसारखं एकापुढे एक जोडलेलं. मग शिनाणे पिशवीत भरून सिट्काला पाठवतात. शिनाणे विष सगळ्यात आधी उचलतात आणि काही आठवड्यांत सोडतात, म्हणून ते इशाऱ्याला उपयोगी. पण बटर क्लॅम तेच विष दोन-दोन वर्षं धरून ठेवतो. शिनाणे स्वच्छ निघाले म्हणजे ताट स्वच्छ झालं असं नाही. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा पाहावा लागतो. पूर्वीच्या ‘खाऊच नका’च्या जागी आता ‘या किनाऱ्यावरचे हे शिंपले या आठवड्यात खाऊ नका’ असं सांगणारं कुणीतरी आलं, आणि ते गावातलंच होतं.

आपल्याला हे फार दूरचं वाटू नये म्हणून एवढंच सांगतो: सप्टेंबर १९९७मध्ये केरळच्या विळिंजमला शिनाणे खाऊन सात जण गेले आणि पाचशेहून अधिक रुग्णालयात दाखल झाले. किनारपट्टी आपलीही लांब आहे आणि कोकणात तिसऱ्या-शिनाणे घराघरांत शिजतात.

सीटॉरच्या जाळ्याबाहेरचा अलास्का अजून अफाट आहे. २०२०च्या उन्हाळ्यात अल्यूशियन बेटांतल्या उनालास्काला या विषाने आणखी एकाचा बळी घेतला. गरम होत चाललेलं पाणी अलेक्झांड्रियमला उत्तरेकडे वाट करून देतंय. तळाच्या गाळात त्याची बीजं वर्षानुवर्षं झोपून राहतात आणि ऊब मिळाली की उठतात. २०२२च्या उन्हाळ्यात बेरिंग सामुद्रधुनीत एका संशोधन जहाजाला या शैवालाचा मोठा बहर दिसला. वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जहाजावरूनच किनाऱ्यावरच्या गावांना इशारा पाठवला.

पण तिथला प्रश्न निराळा आहे. त्या थंड किनाऱ्यावर वाळूत फावडं मारून शिंपले काढणारी गावं फारशी नाहीत. समुद्राच्या तळाचे शिंपले वालरस खातो. सेंट लॉरेन्स आणि डायोमीड बेटांवरचे शिकारी वालरस मारतात आणि त्याच्या पोटातले ताजे शिंपले काढून खातात. तपासायचं काय आणि कुठे? याची एक वाट शिकाऱ्यांच्याच हातात आहे. अलास्काच्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी शिकारी गेली कित्येक वर्षं सील, वालरस, व्हेल यांच्या पोटातले आणि आतड्यातले नमुने कापून संशोधकांना पाठवत आले आहेत. नोआच्या कॅथी लेफेव्ह्र आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात नऊशेहून अधिक प्राणी तपासले गेले, आणि १३ जातींमध्ये शैवालाचं विष सापडलं. शिकार झाल्यावर मांसाची वाटणी करायच्या आधी सुरी एकदा त्या नमुन्यासाठी फिरते. तुकडा पिशवीत जातो, पिशवीवर जागा आणि तारीख लिहिली जाते, आणि पुढच्या विमानाची वाट पाहत ती बर्फात ठेवली जाते.